अध्यक्षांना बाबांची तीन पत्रं

अमेरिकेचे अध्यक्ष ऐंशीव्या वाढदिवसाचं शुभेच्छापत्र पाठवतात, हे मला आमच्या मराठी मंडळातल्या एका मित्राकडून कळलं. त्याच्या शेजारच्या अमेरिकन आजीबाईंना तसं पत्र आलं होतं. व्हाइट हाउसला चार ओळी लिहायच्या, नाव, जन्मतारीख आणि पत्ता कळवायचा, बस्स.

"बाबांचं सहस्रचंद्रदर्शन करतोयस ना? मग ते फ्रेम करून ठेव तिथे. लोक पूजा सोडून तेच बघतील," तो म्हणाला. आणि मग, "फक्त सिटिझन लोकांना देतात म्हणे. पण बाबा सिटिझन नाहीत, हे तू लिहूच नकोस ना यार. विचारलं तर बघू."

मी ते लिहिलं नाही. त्यांनी विचारलं नाही.

तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा होतो. न्यू जर्सीत पिस्कॅटवेला आमचं घर होतं. मी रडारचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होतो, बायको हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती, मुलगी अकरा वर्षांची होती. मला नागरिकत्व मिळून दोन वर्षं झाली होती. आई गेल्यानंतर बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे आले, ते शहाऐंशीच्या ऑक्टोबरात. वर्षभर राहायचं असं ठरलं होतं.

बाबांची सगळी नोकरी जिल्ह्याच्या कलेक्टर कचेरीत, आवक-जावक विभागात झाली. आलेल्या प्रत्येक कागदाला नंबर द्यायचा, तो कोणत्या टेबलावर गेला ते लिहायचं, उत्तर गेलं की त्याची नोंद करायची. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राची एक प्रत, म्हणजे स्थळप्रत, कचेरीत ठेवायची. निवृत्त होऊन बावीस वर्षं झाली तरी त्यांच्या शबनम पिशवीत लांबट वही असायची आणि घरी आलेल्या दिवाळीच्या भेटकार्डालासुद्धा ते पोच लिहीत. पत्र आलं आणि उत्तर गेलं नाही, असं त्यांच्या आयुष्यात झालं नव्हतं.

हे सगळं मला माहीत होतं, तरीही मी ते शुभेच्छापत्र मागवलं.

फेब्रुवारीत ते आलं. जाड, सायीच्या रंगाचा कागद, वर सोनेरी उठावाची मुद्रा, खाली अध्यक्षांची आणि त्यांच्या पत्नीची, दोघांची सही. बाबांनी हात धुऊन, पंच्याला पुसून ते हातात घेतलं. बराच वेळ वाचत होते. मजकूर तर तीनच ओळींचा होता.

"पत्नीचीही सही आहे," ते म्हणाले. "म्हणजे कचेरीचं नाही, घरचं पत्र आहे."

शनिवारी तळघरात पूजा झाली. खरं तर सहस्रचंद्रदर्शनाला अजून काही महिने अवकाश होता, पण आमचे गुरुजी आठवडाभर एका बँकेत प्रोग्रॅमर म्हणून काम करायचे आणि शनिवार-रविवारी पूजा सांगायचे. "काका, इथे वीकेंड मिळाला की मुहूर्त," असं म्हणून त्यांनी तो प्रश्न सोडवला. चाळीसेक माणसं आली. मित्राने सांगितलं होतं तसंच झालं. ऐंशी दिव्यांनी ओवाळून झाल्यावर सगळे फ्रेमभोवती गोळा झाले.

"काका, आता इलेक्शनला उभे राहा!"

"अहो, तो नट होता, हे तर हेडक्लार्क. जास्त क्वालिफाइड आहेत."

बाबा हसले. पण त्यांच्या डोक्यात तेव्हाच पत्राचं उत्तर चाललं असणार. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला लायब्ररीत सोडायला सांगितलं. ज्याला लिहायचं त्याची माहिती हवी, असं त्यांचं म्हणणं. आठवडाभर रोज लायब्ररीत बसून त्यांनी वहीत अध्यक्षांचं चक्क सेवापुस्तक तयार केलं. सरकारी नोकराचं असतं तसं, नेमणुकीच्या क्रमाने. रेडिओवर खेळांचं वर्णन करणारा निवेदक. चित्रपटात नट. नटांच्या संघटनेचा अध्यक्ष. मग पक्षबदल. राज्याचा गव्हर्नर, दोन खेपा. एकदा उमेदवारी हुकली. मग देशाचा अध्यक्ष, तोही दोन खेपा. "शेरा" या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: स्वतः संघटनेचा पुढारी असून संपावर गेलेल्या विमान-नियंत्रकांना बडतर्फ केले. गोळी लागली असता डॉक्टरांशी विनोद केला.

"माणूस वाईट नाही," बाबा मला म्हणाले. "पण फाइल वाचत नसावा."

त्या हिवाळ्यात सगळा देश एकाच गोष्टीबद्दल बोलत होता. इराणला गुपचूप शस्त्रं विकली गेली होती आणि त्यातला पैसा निकाराग्वाच्या बंडखोरांकडे वळवला गेला होता. अध्यक्ष आधी म्हणाले, पळवून नेलेल्या अमेरिकन ओलिसांच्या बदल्यात शस्त्रं दिलेली नाहीत. वर्तमानपत्रात रोज वेगळीच माहिती येत होती.

बाबांनी पहिलं पत्र लिहून माझ्यापुढे ठेवलं. "स्पेलिंग बघून घे आणि टपालात टाक."

इंग्रजी जुन्या कचेरीचं, पण स्वच्छ होतं. आपण उभयतांनी पाठवलेले शुभेच्छापत्र पावले. मी आपल्या देशाचा नागरिक नाही, मुलाकडे आलेला पाहुणा आहे, तरी आपण आठवण ठेवलीत याबद्दल आभारी आहे. आपली परवानगी गृहीत धरून एक शंका विचारतो. शस्त्रे पाठवण्याच्या कागदावर अखेर सही कोणाची आहे? एवढी मोठी गोष्ट सहीवाचून होत नाही, हे मी बत्तीस वर्षांच्या नोकरीवरून सांगू शकतो.

खाली त्यांचं नाव होतं. माझा पत्ता होता.

मी म्हटलं, "छान झालंय बाबा. उद्या टाकतो."

पाकीट ऑफिसात नेऊन मी टेबलाच्या खणात ठेवलं. त्या दिवशी मी स्वतःला जे कारण दिलं ते असं. कंपनीने मला लष्करी कामावर घ्यायचं ठरवलं होतं आणि त्यासाठी माझी सरकारी चौकशी चालू होती. मी कोणाला ओळखतो, घरी कोण परदेशी राहतं, सगळं फॉर्मवर भरून दिलं होतं. अशा वेळी माझ्या पत्त्यावरून अध्यक्षांना असं पत्र जाणं बरं नव्हे. शिवाय "मी नागरिक नाही" असं बाबांनी पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं, आणि शुभेच्छा मागताना ते मी लपवलं होतं.

हे कारण खोटं नव्हतं. पण आज विचार करतो तेव्हा वाटतं, भीती दुसऱ्या नंबरवर होती. पहिल्या नंबरवर लाज होती. व्हाइट हाउसमधला कुणीतरी ते पत्र वाचून हसेल, आणि तो माझ्या वडिलांना हसेल, असं मला वाटलं. त्या हसण्यापासून मी बाबांना वाचवतोय, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मी मला वाचवत होतो.

मार्चच्या सुरुवातीला अध्यक्ष टीव्हीवर आले. आम्ही सगळे बघत होतो. ओलिसांच्या बदल्यात शस्त्रं दिली नाहीत असं आपण देशाला सांगितलं होतं, आपलं मन अजून तेच सांगतंय, पण पुरावे तसं म्हणत नाहीत, अशा अर्थाचं ते बोलले. बाबा खुर्चीत पुढे सरकून ऐकत होते.

"बघितलंस? देशाच्या अध्यक्षाने सगळ्यांसमोर कबूल केलं," ते म्हणाले. आणि मिनिटाभराने, "अर्धंच केलं. पण केलं."

दुसऱ्या दिवशी दुसरं पत्र तयार होतं. चूक मान्य करण्यास धैर्य लागते, ते आपण दाखवलेत. परंतु मन एक सांगते आणि कागद दुसरे सांगतात, असे होईल तेव्हा सरकारी माणसाने कागदाचे ऐकावे, असे मला नम्रपणे वाटते. माझ्या पहिल्या पत्राची पोच मिळालेली नाही, ती कृपया पाठवावी.

तेही खणात गेलं. एप्रिलच्या अखेरीला तिसरं. ते स्मरणपत्र होतं, दोनच ओळींचं. त्यानंतर बाबांनी लिहिणं थांबवलं. स्मरणपत्रानंतर चौथं लिहायचं नसतं, वाट बघायची असते, असा त्यांचा नियम होता.

मे महिन्यात माझ्या चौकशीचा माणूस कंपनीत आला. निळा सूट, मऊ आवाज, अगदी सभ्य माणूस. त्याने माझ्या मॅनेजरशी बोलून मग मला बोलावलं, अर्धा तास साधे प्रश्न विचारले आणि म्हणाला की शुक्रवारी परत येईन, एक-दोन गोष्टी राहिल्यात. कोणत्या गोष्टी ते बोलला नाही. जेवणाच्या सुट्टीत मजला रिकामा झाला तेव्हा मी खण उघडला, तिन्ही पाकिटं घेतली आणि कोपऱ्यातल्या श्रेडरमध्ये, कागद कापायच्या मशीनमध्ये, घातली. आम्ही जुनी ड्रॉइंग्ज त्यातच घालायचो. पाकिटं जाड होती म्हणून मशीन पहिल्याला अडलं. मला ते उलटं फिरवून पाकीट बाहेर काढावं लागलं. म्हणजे थांबायची एक संधी मला मिळाली होती. मी पाकीट फाडलं, कागद सुटे केले आणि एकेक करून आत सोडले.

शुक्रवारी तो माणूस आला. त्याला माझा कॉलेजचा जुना पत्ता हवा होता.

जूनमध्ये शस्त्रविक्रीच्या चौकशी समितीची सुनावणी टीव्हीवर दिवसभर चालू होती. बाबा सकाळपासून वही घेऊन बसायचे. एके दिवशी मी घरी आलो तेव्हा ते स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होते. हा सगळा व्यवहार हाताळणाऱ्या लष्करी अधिकाऱ्याच्या सेक्रेटरीने कबूल केलं होतं की चौकशी सुरू होताच तिने आणि साहेबाने मिळून कागद मशीनमध्ये घालून कापले.

"अरे, कागद कापले!" बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका चढलेला क्वचितच ऐकला होता. "पैसे खाल्ले असते तर समजलो असतो. माणसं खातात. पण कागद? दुसऱ्याने लिहिलेला कागद?"

बायको म्हणाली, "बाबा, बीपी वाढेल. बसा बघू."

मी ब्रीफकेस हातात धरून दारात उभा होतो. "काय करणार, राजकारण आहे," असं मी म्हणालो.

मुलीची सुट्टी लागली तशी ती आजोबांबरोबर रोज अकरा वाजता रस्त्याकडेच्या टपालपेटीपाशी जाऊन उभी राहायला लागली. हे मला बायकोकडून कळलं, आणि एकदा मी आजारी म्हणून घरी होतो तेव्हा खिडकीतून पाहिलं. बाबांचा इस्त्रीचा सदरा, डोक्यावर मुलीची बेसबॉल टोपी. पोस्टमन एव्हाना मित्र झाला होता. गाडीतूनच हात हलवून तो इंग्रजीत ओरडायचा, "आज बॉसकडून काही नाही, सर!" बाबा हात वर करायचे. मग मुलगी विचारायची आणि बाबा समजावून सांगायचे. आधी पत्र आवक विभागात जातं. तिथून ते कोणत्या टेबलावर जाईल ते ठरतं. एवढा मोठा देश, वेळ लागणार.

"आजोबा, मेबी ही इज बिझी."

"असणारच. पण टेबलावरचा माणूस बिझी नसतो. त्याचं कामच ते."

ऑगस्टमध्ये, परतीचं तिकीट पक्कं झाल्यावर, ते थकल्यासारखे दिसायला लागले. तब्येत ठीक होती. पेटीपर्यंत जायचे, पण वही बरोबर न्यायचे नाहीत. मला ते बघवेना. एका रविवारी चहा पिताना मी धीर केला, आणि जेवढा केला तेवढा पुरेसा नव्हता.

"बाबा, एक सांगू? त्या सह्या ते स्वतः करत नाहीत. मशीन करतं. दिवसाला शेकडो पत्रं जातात तशी. त्यांना तुमचं नावही माहीत नसेल."

बाबांनी कप खाली ठेवला. मला वाटलं त्यांना लागलं. पण ते माझ्याकडे असे बघत होते, जणू मी एखादी फार बाळबोध गोष्ट सांगितली होती.

"अरे, कलेक्टरसाहेबांच्या सहीचा रबरी शिक्का चौदा वर्षं माझ्या टेबलावर होता," ते म्हणाले. "सही कोण करतं ते मला तू शिकवणार?"

"मग तुम्ही वाट कसली बघताय?"

"तिथे कुणीतरी माझ्यासारखा बसलेला असेल ना. आलेली पत्रं उघडणारा. मी त्याला लिहीत होतो. नाव वरच्याचंच घालावं लागतं, तशी रीत आहे. पण वाचणार तो. त्याला कळलं असतं मी काय म्हणतोय ते." मग ते म्हणाले, "तीन पत्रांची पोच दिली नाही त्याने. कामचुकार दिसतो. एवढं सगळं घडलं त्या कचेरीत, ते उगीच नाही घडलं."

मी तेव्हा सांगायला हवं होतं. इतके महिने मी ज्या हसण्याच्या भीतीने पत्रं दाबून ठेवली, ते हसणं फक्त माझ्या डोक्यात होतं. भाबडा मी होतो, आणि वॉशिंग्टनमधला एक माणूस, जो कदाचित आपलं काम चोख करत होता, माझ्यामुळे माझ्या बाबांच्या नजरेतून उतरला होता. हे सगळं मला त्या टेबलाशी कळलं आणि मी बिस्किटाचा डबा पुढे केला.

सप्टेंबरात त्यांना विमानतळावर सोडायला मी एकटाच गेलो. मुलीची शाळा होती. टर्नपाइक हायवेवर गाड्या तुंबल्या होत्या. बाबा खिडकीतून तेलाच्या टाक्या बघत होते. मी रस्त्यावरची नजर न काढता सगळं सांगितलं. खण, चौकशीचा माणूस, मशीन. आधी ठरवलेलं काही नव्हतं. एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना.

मला वाटलं ते रागावतील, आणि रागावले असते तर बरं झालं असतं.

"म्हणजे त्याच्याकडे पत्रं गेलीच नाहीत," ते म्हणाले.

"नाही."

"आणि मी त्याला कामचुकार म्हणत होतो. पोरीलाही तेच शिकवलं." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "हे वाईट झालं."

मी म्हटलं, "बाबा, तुमच्याकडे स्थळप्रती आहेत. मी आज परत टाइप करून पाठवतो. माझ्या नावाने."

"आता नको. शुभेच्छांचं उत्तर सहा महिन्यांनी देत नाहीत." मग, गाडी विमानतळाच्या फाट्याला लागल्यावर, "नातीला मात्र सांग. ती माझ्याबरोबर उन्हात उभी राहायची. तिला असं वाटायला नको की पत्र लिहिलं तर या देशात कुणी उत्तर देत नाही. तिला इथेच राहायचंय."

त्यांनी मला क्षमा केली की नाही, ते मी विचारलं नाही. निरोप घेताना त्यांनी नेहमीसारखा माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि आत जाताना वळून एवढंच विचारलं की त्या चौकशीचं काय झालं. मी म्हटलं, क्लिअरन्स मिळाला. "बरं झालं," ते म्हणाले, आणि मला वाटतं ते मनापासून म्हणाले.

संध्याकाळी मुलीने विचारलं, "डिड आजोबाज लेटर कम?"

मी म्हटलं, "नाही. आणि येणारही नाही. प्रेसिडेंट स्वतः अशी पत्रं वाचत नाहीत, बेटा."

यात एकही शब्द खोटा नव्हता. ती "ओह" म्हणाली आणि गृहपाठाला बसली. बाबा पुढे चार वर्षं जगले. तिला दर महिन्याला पत्र पाठवायचे आणि ती इंग्रजीत उत्तर द्यायची, न चुकता. दोघांपैकी कुणीही मला कधी काही विचारलं नाही.

माझी मुलगी आता मोठी झाली आहे, दुसऱ्या राज्यात राहते. तिला मराठी बोललेलं समजतं, वाचता येत नाही. हे सगळं लिहून झालं आणि मी परत वाचायला घेतलं तेव्हा लक्षात आलं की मी कबुली दिली ती अशा लिपीत, जी तिला कधीच वाचता येणार नाही. पुन्हा अर्धीच.

म्हणून गेल्या रविवारी तिला फोन केला आणि म्हटलं, मी काही लिहिलंय, तुला वाचून दाखवतो. जिथे अडेल तिथे इंग्रजीत सांगेन. ती म्हणाली, "शुअर, बाबा." भांडी लावत होती बहुतेक, आवाज येत होता. गुरुजींच्या वाक्याला हसली. सेवापुस्तकाशी म्हणाली, "दॅट्स सो हिम." गोष्ट खणाशी आली तेव्हा भांड्यांचा आवाज थांबला. श्रेडरचा परिच्छेद मी एका दमात वाचून टाकायचा प्रयत्न केला.

"थांब," ती मराठीत म्हणाली. "तो भाग परत वाच. स्लो."

मी परत वाचला. पहिल्या पाकिटाला मशीन अडलं, ते उलटं फिरवलं, तेही.

"ऑल थ्री?"

"हो. तीनही."

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "ओके. पुढे वाच."

थोड्याच ओळींनंतर टपालपेटीचा परिच्छेद होता, आणि त्यात ती होती.